जेलन की टुआ? कॉलेज फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकच्या भांडणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, त्यातून दक्षिणेकडे नवीन आलेल्या आपल्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते. ऑगस्ट संपत आला की ऑफिसात, लॅबमध्ये, दुकानाच्या लाइनीत सगळे एकाच विषयावर तावातावाने बोलत असतात, की ह्या वर्षी आपल्या कॉलेजचा क्वार्टरबॅक कोण असणार, आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. उदाहरण मुद्दाम अलाबामा युनिव्हर्सिटीचं घेतलंय, कारण ह्या भांडणाचा बाप म्हणजे जेलन हर्ट्स विरुद्ध टुआ टॅगोव्हायलोआ.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण? मला हा खेळच कळत नाही.

थोडक्यात सांगतो, सगळे नियम सांगत बसलो तर दिवाळी येईल. एका बाजूचे अकरा जण बॉल घेऊन पुढे सरकायला बघतात, चार चान्समध्ये दहा यार्ड गेले की परत नवे चार चान्स. जवळजवळ प्रत्येक चान्सला बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याने तो शेजारच्याच्या हातात द्यायचा, लांब फेकायचा, नाहीतर पोटाशी धरून स्वतःच पळायचं, आणि हे सगळं ठरवायला त्याला तीनेक सेकंद मिळतात, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोची पोरं अंगावर धावून येत असताना. एवढं कळलं की पुरे.

मग एकच का? बाकीचे खेळाडू तर सारखे आत-बाहेर करत असतात.

करतात की. पळणारे बदलतात, डिफेन्सवाले तर दमले की बाहेर येतात आणि दुसरी फळी आत जाते, त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. पण क्वार्टरबॅकचं काम विकेटकीपरसारखं आहे, टीममध्ये दोन चांगले कीपर असू शकतात, ग्लोव्हज मात्र एकाकडेच. कारण अगदी साधं आहे, टायमिंग. रिसीव्हर, म्हणजे बॉल पकडायला पुढे पळणारा, वळायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला असतो, म्हणजे तो कुठे वळणार हे फेकणाऱ्याच्या अंगात भिनलेलं लागतं, आणि ते भिनायला सराव लागतो. कॉलेजच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएए ह्या संस्थेच्या नियमाप्रमाणे सीझनमध्ये आठवड्याला २० तासच पोरांना फुटबॉलला जुंपता येतं, त्यात मीटिंगा आल्या, व्यायाम आला, व्हिडिओ बघणं आलं. पहिल्या फळीबरोबरचा मैदानावरचा सराव मग उरतो केवढा? तो दोघांत वाटला तर दोघंही अर्धे कच्चे. म्हणून कोच एकाला निवडतो आणि म्हणूनच पब्लिक दुसऱ्याच्या बाजूने उभं राहतं.

जेलन आणि टुआचं काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

बसा निवांत, हे मोठं आहे.

जेलन हर्ट्स टेक्सासमधल्या चॅनेलव्ह्यूचा, ह्यूस्टनच्या बाजूला. त्याचे वडीलच त्याच्या हायस्कूलचे कोच. २०१६ ला तो अलाबामात आला, पहिल्याच वर्षाचं पोरगं, सीझनची पहिली मॅच यूएससी ह्या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजाविरुद्ध, स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा, दुसराच होता. जेलनला आत पाठवलं आणि पहिल्याच प्लेला ह्याने बॉल हातातून सोडला. झालं, म्हणाले लोक. पण मॅच संपली तेव्हा स्कोअर ५२-६ होता आणि अलाबामाला क्वार्टरबॅक मिळाला होता. १९८४ नंतर पहिल्यांदाच तिथे पहिल्या वर्षाचा पोरगा ह्या जागेवर स्टार्ट करत होता. त्या वर्षी एसईसी कॉन्फरन्समधला (अलाबामा खेळते ती दक्षिणेतल्या कॉलेजांची लीग) सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह खेळाडू तोच ठरला. फायनलला क्लेमसनविरुद्ध दोन मिनिटं उरलेली असताना ३० यार्ड पळून त्याने टीमला पुढे नेलं, आणि मग एक सेकंद उरला असताना क्लेमसनने टचडाउन करून, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन, मॅच काढली, ३५-३१. त्यात जेलनचा काय दोष? पण "फेकता येत नाही ह्याला" ही कुजबुज तेव्हाच सुरू झाली.

२०१७ ला टुआ आला. हवाईचा, एवा बीचचा, होनोलुलूच्या सेंट लुईस शाळेत खेळलेला, डावखुरा, आणि हात असा की बॉल सुटलेला कळायचाच नाही. वर्षभर तो बसून होता, मॅच खिशात आली की शेवटी शेवटी आत यायचा, दोन-चार झकास पास टाकायचा आणि स्टँडमध्ये चर्चा वाढवून बाहेर जायचा. अलाबामा ऑबर्नकडून आयर्न बोलमध्ये, म्हणजे राज्यातल्या ह्या दोन वैऱ्यांच्या दरवर्षीच्या मॅचमध्ये, २६-१४ हरली तेव्हा ती चर्चा आरडाओरड्यावर गेली. तरी चौथ्या नंबरवरून टीम प्लेऑफमध्ये घुसली, क्लेमसनला २४-६ हरवलं आणि ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात जॉर्जियाविरुद्ध फायनल.

हाफटाइमला जॉर्जिया १३-०. जेलनचे आठपैकी तीनच पास पूर्ण झाले होते, मिळून २१ यार्ड. २१! आणि अलाबामाचा तेव्हाचा कोच निक सेबनने, जो माणूस रोजच्या जेवणाचा मेनू बदलायलासुद्धा तयार नसतो म्हणतात, त्याने स्टार्टर म्हणून २५ मॅच जिंकून दिलेल्या पोराला बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआला देशाच्या फायनलमध्ये आत पाठवलं.

पुढचं सगळं गोड गोड झालं असं समजू नका. टुआने हेन्री रग्जला टचडाउन दिला, लगेच जॉर्जियाने ८० यार्डांचा मारला, २०-७. मग टुआने एक बॉल सरळ जॉर्जियाच्या हातात टाकला. नशीब म्हणजे पुढच्याच प्लेला जॉर्जियानेही तसाच परत केला. हळूहळू दोन फील्ड गोल (किकचे तीन-तीन पॉइंट), आणि पावणेचार मिनिटं उरली असताना चौथ्या चान्सला कॅल्व्हिन रिडलीला पास, २०-२०. शेवटच्या सेकंदाला ३६ यार्डांची सोप्पी किक अलाबामाने बाहेर मारली आणि मॅच ओव्हरटाइमला गेली. जॉर्जियाने ५१ यार्डांवरून तीन पॉइंट घेतले. अलाबामाचा पहिलाच चान्स आणि टुआ पळत पळत मागे जाऊन १६ यार्ड गमावून आडवा झाला. बॉल फेकून द्यायचा ना बाबा! टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या अलाबामाने त्या क्षणी त्याला शिव्या घातल्या असणार.

म्हणजे आता दुसरा चान्स आणि गाठायचे २६ यार्ड. टुआ मागे आला, आधी उजवीकडे बघितलं, मागे मधोमध राखण करणारा जॉर्जियाचा डिफेंडर त्या नजरेला फसून जिथे होता तिथेच घुटमळला, आणि मग ह्याने मान फिरवून डावीकडे कडेने सुसाट सुटलेल्या डेव्होंटा स्मिथला बॉल टाकला. ४१ यार्ड. टचडाउन. २६-२३. 'सेकंड अँड ट्वेंटी सिक्स' एवढं म्हटलं तरी अलाबामात आजही लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं. आणि त्या रात्री कॅमेऱ्यासमोर सगळ्यात मनापासून टुआचं कौतुक कोण करत होतं तर जेलन.

मग विषय तिथेच संपायला पाहिजे होता ना?

संपतो कसला. खरा राडा तिथून सुरू झाला. जानेवारी ते सप्टेंबर, आठ महिने, मॅच एक नाही आणि वाद रोज.

जेलनवाले म्हणायचे की ह्या पोराने दोन वर्षांत दोनदा फायनलला नेलं, स्टार्टर म्हणून हिशोब २६ जिंकल्या आणि २ हरल्या, २०१७ च्या अख्ख्या सीझनमध्ये फक्त १ इंटरसेप्शन (समोरच्याच्या हातात गेलेला पास), आणखी काय पाहिजे? टुआवाले म्हणायचे की एवढे चांगले रिसीव्हर पोसतोय आपण, त्यांच्यापर्यंत बॉल पोचवणारा पाहिजे की नको. दोन्हीकडे तथ्य होतं, म्हणून तर भांडण रंगलं.

सेबनने हाफटाइमला बदललं ते बरोबर होतं का?

हो. माझं मत सांगतो, शंभर टक्के बरोबर. जॉर्जियाने सगळी माणसं पुढे आणून पळायचा रस्ता बंद केला होता, लांब फेकल्याशिवाय ती भिंत फुटणार नव्हती, आणि लांब फेकणारा बाकावर बसला होता. ह्यात अक्कल कमी आणि छाती जास्त लागते.

पण त्यानंतरचा उन्हाळा त्यांनी नीट हाताळला नाही असंही माझं ठाम मत आहे. ऑगस्टमध्ये जेलन पत्रकारांसमोर येऊन सरळ म्हणाला की इतक्या महिन्यांत कोणी मला विचारायला आलं नाही की तुला कसं वाटतंय. वीस वर्षांचं पोरगं, देशभर त्याच्या नावाची चर्चा, आणि घरच्याच लोकांनी विचारू नये? आणि एक गोष्ट फॅन्स सोयीने विसरतात. जेलनला तीन वर्षांत ऑफेन्सचे कोच किती बदलून मिळाले बघा. आधी लेन किफिन, मग थेट फायनलच्या आठवड्यात स्टीव्ह सार्किशियन, पुढच्या वर्षी ब्रायन डेबोल, त्याच्या पुढच्या वर्षी माइक लॉक्सली. दर वेळी नवी वही, नवी भाषा. त्यातून वर "पोराची प्रगती दिसत नाही" म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

कोच आधीच नाव जाहीर का करत नाहीत? उगाच का ताणतात?

दोन कारणं. एक, पहिल्या मॅचचा समोरचा कोच बिचारा दोघांची तयारी करत बसतो, ते फुकटात मिळतं. दुसरं खरं कारण म्हणजे ज्याचं नाव येणार नाही तो बॅग भरेल ही भीती. म्हणून डेप्थ चार्टवर, म्हणजे कोण कितव्या नंबरवर ह्याच्या यादीत, दोन नावांच्या मधे 'किंवा' टाकतात आणि हात वर करतात.

सेबनचा ह्यावरून एकदा तोल गेलेला सगळ्यांनी लाइव्ह बघितला. १ सप्टेंबर २०१८, ऑर्लँडो, लुईव्हिलला ५१-१४ धुतल्यावर मैदानावरच ईएसपीएनच्या मारिया टेलरने क्वार्टरबॅकबद्दल विचारलं तर हे एकदम उखडले, की तुम्ही माझ्याकडून एकाचा अपमान करून घ्यायला का बघताय, मी करणार नाही, विचारू नका. नंतर तिला फोन करून माफी मागितली. प्रश्न रास्त होता हो, जिंकल्यावर सुद्धा एवढा राग येतो म्हणजे डोक्यात किती दिवस साठलेलं असेल.

जेलन सोडून का गेला नाही?

हा माझा आवडता प्रश्न. त्याच वर्षी एनसीएएने नियम केला होता की चारपर्यंत मॅच खेळलात तर कॉलेजात खेळायच्या ठरावीक वर्षांतून ते वर्ष वजा होणार नाही, पुढे वापरता येईल. म्हणजे चार झाल्या की गप्प बसायचं, वर्ष वाचवायचं आणि दुसरीकडे जायचं, असा सरळ हिशोब.

क्लेमसनच्या केली ब्रायंट ह्या क्वार्टरबॅकने तेच केलं. चार मॅच झाल्या, कोचने पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला स्टार्टर केलं, ब्रायंट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टीम सोडून गेला. त्याच शनिवारी, २९ सप्टेंबरला, लॉरेन्स सिरॅक्यूजविरुद्ध जखमी होऊन बाहेर, आणि चेस ब्राइस नावाच्या तिसऱ्या पोराने रडतखडत मॅच वाचवली, २७-२३. आणि बरोब्बर त्याच दिवशी टस्कलूसाला, म्हणजे अलाबामाच्या घरच्या गावी, जेलन त्याच्या पाचव्या मॅचसाठी मैदानात उतरला, म्हणजे वर्ष वाचवायचा चान्स त्याने जाणूनबुजून सोडला. स्टेडियम उभं राहिलं त्याच्यासाठी. त्याला डिसेंबरला डिग्री घ्यायची होती आणि ती त्याने घेतली.

ब्रायंटला मी नावं ठेवणार नाही हां. ज्याचं करिअर त्याचा निर्णय. त्याने टीमला दगा दिला असं म्हणणारे तेच लोक असतात जे कोच दुप्पट पगारासाठी दुसऱ्या कॉलेजला गेला की "धंदा आहे" म्हणतात.

डिसेंबरमध्ये असं काय झालं की लोक अजून बोलतात?

१ डिसेंबर २०१८, एसईसीची फायनल, परत अटलांटा, परत तेच स्टेडियम, परत जॉर्जिया. हे कोणी लिहून दिलं असतं तर म्हटलं असतं जरा कमी कर बाबा. टुआचा दिवस वाईट, २५ पैकी १० पास, २ इंटरसेप्शन, वरून घोटा दुखावला. चौथ्या क्वार्टरला अलाबामा २८-२१ अशी मागे असताना जेलन आत आला. ९ पैकी ७ पास पूर्ण. जेरी ज्यूडीला टचडाउन, २८-२८. मग जॉर्जियाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, किक मारायचं सोंग करून त्यांचा राखीव क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला पळवायला गेले आणि फसले. जेलनला अर्धंच मैदान मिळालं, आणि मिनिटभर शिल्लक असताना तो १५ यार्ड स्वतः पळत आत गेला. ३५-२८.

ज्या पोराला "फेकता येत नाही" म्हणून बसवलं त्याने फेकून बरोबरी केली आणि पळून मॅच जिंकली. मॅचनंतर सेबनचा गळा दाटून आला होता, आणि ह्या माणसाचं असं होणं म्हणजे टस्कलूसात बर्फ पडण्यासारखं.

शेवटी भारी कोण निघाला?

हे विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, कधीपर्यंतचं? तुम्ही घड्याळ कुठे थांबवता त्यावर उत्तर बदलतं.

२०१८ पुरतं बोलाल तर टुआ, वादच नाही, ३९६६ यार्ड, ४३ टचडाउन, ६ इंटरसेप्शन, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीत दुसरा. २०१९ ला जेलन ओक्लाहोमाला गेला आणि तिथे तोही हाइझमनमध्ये दुसरा आला. २०२० च्या ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, टुआ पाचवा आणि जेलन ५३ वा. म्हणजे टुआवाले जिंकले म्हणायचं? थांबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला तेव्हा त्या मॅचचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) जेलन हर्ट्स होता. टुआला मायामीत डोक्याच्या दुखापतींनी छळलं. आता जेलनवाले फोन करकरून २०१८ ची भांडणं परत काढतात, पण खरं सांगायचं तर त्या सुपर बोलवरून त्या जानेवारीत हाफटाइमला कोण पाहिजे होता हे सिद्ध होत नाही. ओक्लाहोमात जाऊन, मार खाऊन, शिकून तो तसा झाला. २१ यार्डवाला जेलन आणि सुपर बोलवाला जेलन ह्यांच्यामध्ये सात वर्षं आहेत.

"स्टार्टर म्हणून इतक्या जिंकल्या" हा मुद्दा धरायचा की नाही?

अर्धाच. मॅच अकरा अधिक अकरा जण जिंकतात, वर किक मारणारा. अलाबामाचा त्या वर्षांतला डिफेन्स बघितला तर मला वाटतं मधल्या फळीतल्या चार-पाच कॉलेजांचे क्वार्टरबॅक तिथे उभे केले असते तरी दहा मॅच जिंकल्या असत्या. मी स्वतः तीन गोष्टी बघतो. तिसऱ्या चान्सला लांबचं अंतर असताना काय करतो, पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे नजर जाते की लगेच पळत सुटतो, आणि चूक झाल्यावर पुढच्या प्लेला हात आखडतो का. तिसरी आकड्यात दिसत नाही, त्यासाठी मॅच बघावी लागते.

आणि हो, 'पळणारा क्वार्टरबॅक' हा शिक्का जरा जपून मारा. बहुतेक वेळा तो काळ्या पोरांवरच बसतो. लमार जॅक्सन हाइझमन जिंकून ड्राफ्टला आला तरी त्याला रिसीव्हर हो असं सांगणारे जाणते लोक होते. पुढे तो एनएफएलचा दोनदा एमव्हीपी झाला.

दोघांनाही आलटून पालटून खेळवलं तर?

करून बघितलंय लोकांनी. १९९९ ला मिशिगनचा कोच लॉइड कार पहिला क्वार्टर एकाला, दुसरा दुसऱ्याला द्यायचा आणि मग हाफटाइमला ठरवायचा. दुसरा होता ड्रू हेन्सन, गावचा लाडका, बेसबॉलमध्येही नाव काढलेला. पहिला होता टॉम ब्रेडी. हो, तोच. मिशिगनच्या फॅन्सपैकी निम्म्यांना ब्रेडी बाकावर पाहिजे होता, हे आज कोणी कबूल करत नाही. सीझनच्या मध्यावर कार शेवटी ब्रेडीवर थांबला आणि शेवटच्या मॅचला ब्रेडीने ४ टचडाउन टाकून ओव्हरटाइमला ३५-३४ ने हरवलं कोणाला, तर अलाबामाला.

चाललेलं उदाहरण म्हणजे फ्लोरिडा, २००६. क्रिस लीक शेवटच्या वर्षाचा, तो फेकणार, आणि पहिल्या वर्षाचा टिम टीबो, दोन-तीन यार्ड पाहिजे असले की बैलासारखा घुसणार. कामं वेगळी होती, म्हणून जमलं, आणि ते चॅम्पियन झाले. दोघं एकाच कामाचे असतील तर नाही जमत. ओहायो स्टेट २०१५ बघा, आदल्या वर्षी तिसऱ्या नंबरच्या कार्डेल जोन्सने फायनल जिंकून दिलेली, जे.टी. बॅरेट बरा होऊन परत आलेला, दोघंही स्टार्टरच्या लायकीचे, आणि तेवढी टीम हातात असून कोच अर्बन मायर निम्मा सीझन ह्याला बसव त्याला उठव करत राहिला. मिशिगन स्टेटकडून १७-१४ हरले आणि प्लेऑफ हुकला.

बॅकअप नेहमीच भारी का वाटतो?

कारण त्याच्या चुका अजून कोणी बघितलेल्या नसतात. शिवाय तो येतो तेव्हा मॅच ४५-७ झालेली असते आणि समोर दमलेली दुसरी फळी असते.

फॅन्सचं कधी बरोबर येतं का?

येतं, पण जॉर्जियावाल्यांना विचारू नका. २०२१ ला त्यांच्याकडे जे.टी. डॅनियल्स होता, हायस्कूलमध्येच वरचं, पाच स्टारचं रेटिंग मिळालेला, यूएससीहून आलेला. तो जखमी झाल्यावर जागा मिळाली स्टेट्सन बेनेटला. हा गडी स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला, मधे एक वर्ष मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजात जाऊन परतलेला, अंगानेही बेताचा. टीम जिंकत होती तरी पब्लिक डॅनियल्सच्याच नावाने जप करत होतं. डिसेंबरला अलाबामाने त्यांना ४१-२४ हाणलं तेव्हा तर कोच कर्बी स्मार्टची अक्कल निघाली. स्मार्ट हलला नाही. महिन्याभराने फायनलला तीच अलाबामा, बेनेटने ३३-१८ ने जिंकून दिली, जॉर्जियाची १९८० नंतरची पहिली ट्रॉफी. पुढच्या वर्षी परत फायनल आणि टीसीयूवर ६५-७.

फॅन शनिवारचे तीन तास बघतो, कोच सोमवार ते गुरुवार बघतो. तरी कोचही चुकतात, जो बरोला ओहायो स्टेटमध्ये जागा मिळाली नाही, एलएसयूला जाऊन त्याने २०१९ ला हाइझमन आणि ट्रॉफी दोन्ही उचललं. जस्टिन फील्ड्स जॉर्जियात स्टार्टर जेक फ्रॉमच्या मागे बसला, तो गेला ओहायो स्टेटला आणि तिथे तारा झाला. फ्रॉमने स्वतः ही जागा जेकब ईसनच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे घेतली होती आणि ईसन वॉशिंग्टनला गेला. एका जागेच्या मागे अशी वरात असते.

आता हे भांडण पूर्वीसारखं का होत नाही?

होतं, पण लवकर संपतं. आधी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे पोरं दहादा विचार करायची. ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ पासून एकदा बदलायला बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला. त्यात जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मोकळीक, आणि २०२५ पासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी (२०२५-२६) साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत एका कॉलेजला मुभा होती. म्हणजे दुसरा नंबर लागला की पोरगं दुसऱ्या गावात स्टार्टर. कोचला आता कोण खेळणार ह्यापेक्षा कोण टिकणार ह्याची जास्त काळजी. २०१८ च्या जानेवारीत हे नियम असते तर मला नाही वाटत जेलन आणि टुआ एकत्र राहिले असते. टुआने स्वतःच नंतर सांगितलंय की त्या फायनलला खेळायला मिळालं नसतं तर तो सोडून जाणार होता. आताच्या नियमात तो त्याच्या आधीच गेला असता आणि मग सेकंड अँड ट्वेंटी सिक्स झालंच नसतं.

थांबणारेही आहेत. टेक्सासला आर्च मॅनिंग, पेटन आणि ईलायचा पुतण्या, आडनावावरच कुठेही स्टार्टर झाला असता, तो दोन वर्षं क्विन ईवर्सच्या मागे राहिला. ऑक्टोबर २०२४ ला जॉर्जियाविरुद्ध ईवर्सला मधेच बसवून आर्चला आत आणलं तेव्हा ऑस्टिनचं स्टेडियम वेडं झालं, आणि थोड्या वेळाने परत ईवर्स. ३०-१५ हरले ती मॅच. तरी आर्च गेला नाही, २०२५ ला जागा त्याची झाली. पण मॅनिंगांच्या घरी घाई कशाला असेल म्हणा.

जेलन-टुआच्या भांडणात तिसरा कोणी होता का?

होता! मॅक जोन्स. टुआबरोबरच २०१७ ला आलेला. अख्खं राज्य दोन गटांत भांडत होतं तेव्हा हा तिसऱ्या नंबरवर निमूट बसलेला, कोणी त्याच्या नावाचा टी-शर्ट घातला नाही. नोव्हेंबर २०१९ ला टुआचा खुब्याचा सांधा निखळला, मॅक आत आला, आणि २०२० ला त्याने अलाबामाला १३ पैकी १३ मॅच जिंकून बिनहार चॅम्पियन केलं. समोर बॉल पकडायला तोच डेव्होंटा स्मिथ, ज्याने त्या वर्षी हाइझमन जिंकली.

मी नुकताच टस्कलूसाला एमएस करायला आलोय. कोणाची बाजू घेऊ?

सध्या जो बॅकअप आहे त्याची घ्या, गर्दीत मिसळून जाल. आधी दोन मॅच गप्प बघा, मग हळूच म्हणा की दोष ऑफेन्सिव्ह लाइनचा आहे, हे कधीच चुकत नाही आणि लोक मान डोलावतात. कोणी 'रोल टाइड' (अलाबामाचा नारा) म्हटलं की परत 'रोल टाइड'च म्हणायचं, थँक्यू नाही. आणि आयर्न बोलच्या आठवड्यात केशरी टी-शर्ट कपाटात ठेवा, तो ऑबर्नचा रंग आहे. गणपतीसाठी घेतलेला असला तरी. तिथे कोणी ऐकून घेणार नाही.